द्राक्षांच्या फरशा

लाज वाटली की मला राग येतो. आमच्या शहरातल्या खाम नदीवर मी पहिल्यांदा गेलो तोही असाच. छावणीकडच्या पुलावरून जाताना वर्षानुवर्षं नाकाला रुमाल लावला, आणि एका रविवारी बघतो तर तीस-चाळीस माणसं खाली गुडघाभर चिखलात उभी. दुसऱ्या रविवारी मी फावडं घेऊन हजर झालो.

आम्ही जलपर्णी ओढली, गाद्या, टायर, फुटके देव्हारे उपसले. हळूहळू काठ दिसायला लागला. दगडी पायऱ्या झाल्या, चालायला वाट झाली, संध्याकाळी बायाबापड्या पोरांना घेऊन शेंगा खात बसू लागल्या. नदी आमची झाली, आणि आमची झाल्याबरोबर आम्ही तिच्यासाठी माणसं मारायला तयार झालो.

खरंच सांगतो. कचरा टाकणाऱ्याला सुरुवातीला आम्ही समजावायचो, मग शिव्या द्यायला लागलो, पुढं हात उचलायला लागलो. एका कोंबडीवाल्याचं पिसांचं पोतं आम्ही त्याच्याच डोक्यावर रिकामं केलं. तो नाकातोंडात पिसं गेल्यानं खोकत होता आणि आम्ही पोट धरून हसत होतो. सगळ्यात मोठ्यानं मी.

त्या रविवारी सकाळी सातच्या सुमाराला एक छोटा टेम्पो नव्या वाटेच्या तोंडाशी येऊन मलबा ओतून निघालाच होता, तेवढ्यात आमच्या लोकांनी घेरला. चालकाला ओढून खाली काढला. मी पार पलीकडच्या टोकाला होतो. आरडाओरडा ऐकला आणि फावडं टाकून पळत सुटलो. गर्दीतून पुढं घुसलो तेव्हा दोघांनी त्याची गचांडी धरली होती. मला बघून तो हसला.

का हसला ते कळायच्या आत मला ढीग दिसला. विटांच्या तुकड्यांवर हिरव्या द्राक्षांच्या घडांची नक्षी असलेल्या फरशा पडल्या होत्या. आमच्या गारखेड्यातल्या घरच्या. बायकोनं वीस वर्षं घासून घासून जपलेल्या. स्वयंपाकघराचं काम काढलं होतं, मलबा आठवडाभर दारात पडून होता, शेजारी कुरकुरत होते. आदल्या दिवशी मीच या माणसाला म्हणालो होतो, "कुठंही टाक, पण उद्यापर्यंत दार मोकळं कर."

"सर, तुमी..." त्यानं तोंड उघडलं.

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. सगळं अंग त्यात घातलं. दात हाताला लागला, माझीच बोटं फाटली. तो गप्प झाला तरी मी आणखी दोन मारले. मग बाकीचे तुटून पडले. तो फरशांच्या तुकड्यांवर आडवा पडला, गुडघे पोटाशी घेतले, आणि लाथा बसत राहिल्या. मी बाजूला उभा राहून हात झटकत होतो. मला, देवाशपथ, सुटल्यासारखं वाटत होतं.

"कुणाचा मलबा आहे? बोल!" कोणीतरी ओरडलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रक्त थुंकला. "माहीत नाय," म्हणाला.

त्या फरशा मीच घमेल्यात भरल्या. लोक म्हणाले, सर, तुमचा हात सुजलाय, राहू द्या. मी ऐकलं नाही. एकही तुकडा तिथं राहू नये एवढंच मला हवं होतं.

चार दिवस घास गोड लागला नाही. शेवटी आमच्या मिस्त्रीकडून पत्ता घेऊन त्याच्या घरी गेलो. तो भाकरी वरणात कुस्करून बोटानं आत ढकलत होता. पुढचे दोन दात नव्हते, ओठाला टाके होते. त्याची बायको मला बघून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

मी माफी मागितली. मग विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? तुमाला बी मारलं असतं त्यांनी." तो थांबून थांबून बोलत होता. "तुमी पळत आले तवा मला लई बरं वाटलं. म्हनलं, चला, सर आले, सुटलो आता."

पुढच्या रविवारी मी काठावर सगळ्यांना गोळा केलं आणि सांगून टाकलं. मलबा माझा होता. मीच कुठंही टाक म्हणालो होतो. त्याचं तोंड बंद करायला मी त्याला मारलं. मी चष्मा काढून खिशात ठेवला होता.

मग ज्यानं त्या दिवशी सगळ्यात जास्त लाथा घातल्या होत्या तो पुढं आला. मी डोळे मिटले.

"जाऊ द्या सर, होतं असं," तो म्हणाला, आणि त्यानं माझ्या हातात चहाचा कप दिला.