रविवारची अट

ओडेसा पिंकनीला गाडी चालवता येत नव्हती, तरी बाल्टिमोरच्या त्या गल्लीत गाड्यांच्या जागेवरून तिच्याइतकं कुणी भांडलं नसेल. उभी हयात तिने हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काढली, जाणं-येणं बसनेच. निवृत्त झाल्यावर गल्लीने तिला रहिवाशांच्या संघटनेची अध्यक्ष केलं, कारण ती कुणाला भीत नव्हती आणि दुपारी घरीच असायची.

कोपऱ्यावरचं न्हाव्याचं दुकान बंद पडलं आणि तिथे ड्वेन गॅसवेने तळलेल्या माशांचं दुकान काढायचं ठरवलं. बसून खायची सोय नाही, नुसतं पार्सल. त्यासाठी कुठे कसलं दुकान चालेल हे ठरवणाऱ्या पालिकेच्या झोनिंग मंडळाची परवानगी हवी, आणि शेजाऱ्यांचं ऐकल्याशिवाय मंडळ ती देत नाही. ओडेसा ठेवणीतली निळी हॅट घालून सुनावणीला हजर झाली.

"मिस ओडेसा, पार्सलवाला पाच मिनिटांसाठी येतो आणि जातो," ड्वेन अजिजीने म्हणाला.

"एक जातो, दुसरा येतो. आमच्या दारातली जागा अडलेली ती अडलेलीच."

मागून कुणीतरी ओरडलं, "हिच्याकडे साधी सायकल नाही, हिला पार्किंग कशाला हवंय?"

सगळे हसले. ओडेसा सावकाश मागे वळली.

"माझ्याकडे गाडी नाही, पण माझ्याकडे येणाऱ्यांकडे आहे ना! आमच्या गल्लीत निम्मी घरं म्हाताऱ्यांची. कुणी भेटायला यायचं म्हटलं तर गाडी काय डोक्यावर ठेवेल? माझी सख्खी बहीण रविवारी चकरा मारमारून दारावरून परत जाते."

हसणं थांबलं. तिची धाकटी बहीण लविनिया शहराच्या कडेला केटन्सव्हिलला राहायची. रविवारी तिचा फोन ठरलेला : "डेसा, आले होते गं, पण जागाच मिळाली नाही."

मंडळाने परवानगी दिली, पण अट घातली. रविवारी दुकान बंद. ड्वेनचा चेहरा पडला. चर्च सुटल्यावरचं गिऱ्हाईक हीच त्याची खरी कमाई होणार होती.

दुकान सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी ओडेसा दारातल्या, तिथल्या जुन्या घरांना असतात तशा संगमरवरी पायऱ्यांवर येऊन बसली. समोरची जागा मोकळीच मोकळी. फोन वाजला. "डेसा, आज गुडघा धरलाय गं." पुढच्या रविवारी वारा फार होता. त्याच्या पुढच्या रविवारी कुणाचा तरी वाढदिवस. पलीकडच्या पायऱ्यांवर म्हातारे मिस्टर टिलमन इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले असायचे. त्यांचा मुलगाही येत नव्हता. त्या मोकळ्या जागेकडे बघता बघता ओडेसाच्या मनात काहीतरी यायला लागलं. ते तिला आवडलं नाही, म्हणून ती उठून घरात गेली.

मग एका शनिवारी दुपारी ती औषधं आणायला निघाली. कोपऱ्यावर माशांसाठी रांग पार बाहेरपर्यंत आलेली. रस्त्यातच, उभ्या गाड्यांना चिकटून, एक ओळखीची तपकिरी गाडी दिवे लुकलुकवत उभी होती. आणि रांगेत लविनिया.

"गुडघा काय म्हणतोय?" ओडेसाने मागून विचारलं.

लविनिया दचकली. "अगं बाई, डेसा! मी तुझ्याकडेच येत होते. तुझ्यासाठी पण घेतेय."

तेवढ्यात ड्वेनने खिडकीतून हाक मारली, "मिस लविनिया, तुमचा नेहमीचा! एक मासा, सॉस जास्त!"

लविनियाने डोळे मिटून घेतले. रांगेतले दोघे-तिघे खोकल्यासारखं करून हसले.

"ड्वेन," ओडेसा म्हणाली, "आणखी एक बांध. हीच देईल पैसे."

स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या. पांढऱ्या पावात गरम मासा, वर तिखट सॉस.

"खरं सांगू?" पाव खाली ठेवत लविनिया म्हणाली. "रागावू नकोस. तुझ्याकडे आलं की तासभर गल्लीची गाऱ्हाणी ऐकायची, वर ते तुझं कोरडं चिकन. पार्किंगचं सांगितलं की तुला पटायचं."

ओडेसाला लागलं. घास तोंडात तसाच राहिला. मग तिने विचारलं, "चिकन कोरडं असतं?"

"पुठ्ठ्यासारखं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुला सांगायची कुणाची छाती आहे?"

ओडेसाला हसू फुटलं, सॉस नाकात गेला, आणि लविनिया तिच्या पाठीवर थापट्या मारता मारता स्वतःच हसून हसून खुर्चीत कोसळली. त्या दिवशी ती अंधार पडेपर्यंत थांबली.

पुढच्या महिन्यात ओडेसा ड्वेनला बरोबर घेऊन मंडळापुढे उभी राहिली. मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा वर केला. "रविवारची अट कोणी मागितली होती?"

"मी."

"आणि काढा कोण म्हणतंय?"

"मीच."

"मग पार्किंगचं काय?"

"अडचण होईल. होऊ दे. रिकामी जागा राखत बसायचा मला कंटाळा आलाय."

अट निघाली. आता चर्च सुटलं की गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. लविनिया लांब कुठेतरी गाडी लावून कुरकुरत चालत येते. टिलमनांचा मुलगाही येतो. येतो माशांसाठीच, पण दुकानात बसायला जागा नाही, म्हणून बापाशेजारी पायऱ्यांवर बसून खातो, आणि खाऊन झालं तरी उठत नाही.

ओडेसाचं भांडण काही सुटलं नाही. कुणी आगीच्या बंबाच्या नळासमोर गाडी लावली की ती अजूनही पायऱ्या उतरून त्याची हजेरी घेते. फक्त हातात मासा असला, तर आधी तो संपवते.