इटली आमच्याकडे होती

ऐंशीच्या दशकात टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँड गावात कुणाच्याही घरी पंधरा-वीस माणसं जमणार असली, तरी यजमानीण एकटी रांधत नसे. पॉटलक असे. फोनवरून वाटणी व्हायची: भात तुमच्याकडे, छोले आमच्याकडे, श्रीखंड डॉक्टरांकडे. जिच्या हाताच्या चवीवर कुणाचा भरवसा नसे तिच्याकडे पेपर प्लेट्स येत. या पद्धतीचा एक अलिखित कायदा होता. ज्याचा पदार्थ त्याचा शब्द शेवटचा. छोले खारट असले तरी छोलेवालीच्या देखत ते अप्रतिमच असायचे.

आम्ही तीन जोडप्यांनी युरोपला जायचं ठरवलं, तेव्हा युरोपचीही अशीच वाटणी झाली. ज्याचा देश त्याने हॉटेलं बघायची, गाड्या बघायच्या, सगळ्यांचे व्हिसे काढायचे. लंडन डॉक्टरांकडे गेलं, कारण त्यांची मावसबहीण तिथे राहत होती. पॅरिस आणि स्वित्झर्लंड तेलाच्या धंद्यातल्या इंजिनिअर भाऊजींकडे गेलं, कारण ते एकदा ऑफिसच्या कामाने जाताना झुरिकच्या विमानतळावर दुपारभर बसले होते. एवढा अनुभव आमच्यापैकी कुणालाच नव्हता. इटली आमच्याकडे आली. पेपर प्लेट्स कुणाकडे येत ते वर सांगितलंच आहे.

मला मात्र इटलीच हवी होती. माझे बाबा अमरावतीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांच्याकडच्या एका जुन्या पुस्तकात, पदुआ नावाच्या गावातल्या छोट्याशा चॅपेलच्या छताचं काळंपांढरं चित्र होतं. ते दाखवून बाबा वर्षानुवर्षं पोरांना सांगत आले की हे छत निळं आहे. कशावरून, असं विचारलं की म्हणायचे, "इतकं गडद छापलंय आणि वर चांदण्या काढल्यात, म्हणजे निळंच." बाकीचे मास्तर हसायचे. आता बाबांना काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलाच होता आणि दुसऱ्याची अमरावतीचे डॉक्टर खात्री देत नव्हते. आम्ही निघण्याआधी शेजाऱ्यांच्या फोनवर येऊन ते एवढंच म्हणाले, "बघून ये. आणि किती निळं आहे ते मला नीट सांग."

मुलांना भारतातून आलेल्या सासू-सासऱ्यांवर सोपवून आम्ही निघालो. लंडन आम्ही मावसबहिणीच्या दिवाणखान्यातून पाहिलं. तिने प्रेमाने इतकं खाऊ घातलं की राजवाड्याबाहेरचा पहारा बदलतो तो आम्ही तिच्या टीव्हीवर बघितला. डॉक्टरांनी नवा व्हिडिओ कॅमेरा घेतला होता, खांद्यावर ठेवायचा, सिलिंडरएवढा. डोळा त्याच्या भिंगाला लावला की आत सगळं काळंपांढरं दिसे. डॉक्टरांनी तो डोळा काढलाच नाही. एवढे पैसे खर्च करून काळापांढरा युरोप बघणारा तो एकच माणूस असावा. पॅरिसच्या मनोऱ्यावर चढलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्यूस्टन डाउनटाउन वरून असंच दिसतं, नाही?" पॅरिस भाऊजींकडे होतं, त्यामुळे भाऊजी दुखावले. मग आम्ही सगळ्यांनी पॅरिस अप्रतिम असल्याचं एकमताने मान्य केलं.

भाऊजींची एक पद्धत होती. कुठेही गेलं की सगळ्यांचे पासपोर्ट, तिकिटं आणि ट्रॅव्हलर्स चेक ते एका चामडी पाकिटात घालून पोटाला बांधत. घरचा कर्ता पुरुष तेच करतो, त्यांच्या वडिलांनीही काशीयात्रेत तेच केलं होतं. आम्हीही मुकाट्याने सगळं त्यांच्या पोटाच्या स्वाधीन केलं. यात काही चुकतंय असं पाच शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही वाटलं नाही. टेक्सासमध्ये आम्ही घराच्या विम्याची कागदपत्रंसुद्धा दोन ठिकाणी ठेवायचो.

पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणारी गाडी मध्ये एका स्टेशनवर दुभंगते. पुढचे डबे झुरिकला जातात, मागचे बर्नला. आमच्या जागा मागे होत्या. हे भाऊजींना माहीत असायला हवं होतं, कारण स्वित्झर्लंड त्यांच्याकडे होतं. पण त्यांना चार वाजले की चहा लागतो. थर्मास घेऊन गरम पाणी शोधत ते पुढच्या डब्यात गेले. गाडी थांबली, खालून काहीतरी धडधडलं आणि खिडकीतून आम्ही अर्धी गाडी आमच्याआधी निघून जाताना पाहिली. वहिनी, म्हणजे भाऊजींची बायको, म्हणाल्या, "ती बघा, अजून एक ट्रेन. काय फ्रिक्वेन्सी आहे यार इथे."

मग तिकीट तपासनीस आला. आमच्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, चिवडा होता, लिंबाचं लोणचं होतं. तिकीट नव्हतं, पासपोर्ट नव्हता, पैसेही नव्हते. डॉक्टरांनी आपण हृदयरोगतज्ज्ञ असल्याचं सांगून पाहिलं. तपासनिसाच्या हृदयाला काही झालेलं नसल्याने त्याचा उपयोग झाला नाही. त्याने आम्हाला बर्नला उतरवून स्टेशनमास्तरसमोर ओळीने बसवलं. तिथे आम्ही रात्र आणि पुढचा अर्धा दिवस काढला. स्टेशनमास्तर झुरिकला फोन करत होते आणि भाऊजी आम्ही झुरिकला येऊ म्हणून तिथे प्लॅटफॉर्मवरून हलत नव्हते. शेवटी ते आले, रिकामा थर्मास घेऊन, आणि वर आमच्यावरच चिडले. "तुम्ही लोक पुढच्या डब्यात का नाही आलात?" आल्प्सकडे जाणारी आमची गाडी तोवर निघून गेली होती.

बाकीचे दिवस आता पुरणार नव्हते. काहीतरी गाळायला हवं होतं, म्हणून बर्नच्या त्याच बाकावर बैठक भरली. डोंगर गाळायचा प्रश्नच नव्हता. व्हेनिस गाळणं अशक्य, डॉक्टरांना होडीतून शूटिंग करायचं होतं. "पदुआ कॅन्सल करू," भाऊजी म्हणाले. "एक छोटं चर्च तर आहे. चर्चेस आपण खूप बघितली. वेस्ट ऑफ टाइम."

माझ्या नवऱ्याचं मत विचारलं. ते बुटाची नाडी बांधत म्हणाले, "मेजॉरिटी म्हणेल तसं." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तरी मला त्या क्षणी त्यांना त्या नाडीसकट रुळांवर ढकलावंसं वाटलं. राग एवढा आला की रडू येईल अशी भीती वाटली. आणि या लोकांसमोर मला रडायचं नव्हतं. बाबांना काय सांगणार होते मी? की भाऊजींना चहा लागतो?

मी उठले आणि भाऊजींसमोर हात पसरला. "पाकीट द्या," म्हटलं. "इटलीची तिकिटं काढून द्या. इटली आमच्याकडे आहे."

ते गोंधळून मला म्हणाले, "वहिनी, तसं नाही, ग्रुपचं..."

"तुमच्या स्वित्झर्लंडमध्ये आम्ही काही बोललो का?" मी म्हटलं. "बाकावर झोपलो, पण अप्रतिमच म्हटलं ना?"

कायदा त्यांनीच केलेला होता. वहिनींनी हलकेच नवऱ्याच्या पोटावरून पाकीट सोडवलं आणि माझ्या हातात दिलं.

डोंगर आम्ही स्टेशनच्या पोस्टकार्डांवर बघितले. पदुआला सगळे उतरले, बॅगांसकट, तोंडं पाडून. चॅपेल बाहेरून आमच्या गराजपेक्षा फार मोठं नव्हतं. चित्रीकरणाला बंदी होती, त्यामुळे डॉक्टरांना नाइलाजाने आपले स्वतःचे डोळे वापरावे लागले. आत गेल्यावर मी वर बघितलं आणि मला बाकीचं काही आठवत नाही. छत निळंच होतं. नवरा मागे कुठेतरी भिंतीला टेकून उभा होता. मला वाटलं, घड्याळ बघत असेल.

घरी आल्यावर सामान उघडायच्या आधी अमरावतीला कॉल बुक केला. शेजाऱ्यांनी बाबांना बोलावून आणलं. लाइन खरखरत होती. मी ओरडून सांगितलं, "बाबा, निळंच आहे."

"ते माहीत आहे गं," बाबा म्हणाले. "किती निळं?"

मी 'खूप' म्हटलं. मग 'गडद' म्हटलं. मग मला काही सुचेना. सगळ्यांशी भांडून बघितलेलं ते छत माझ्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं होतं आणि मी फोन धरून नुसती रडत होते. वेळ चालला होता. नवऱ्याने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"बाबा, मी बोलतोय," ते म्हणाले. "दौतीत नवी शाई ओततो ना आपण, पाणी घालायच्या आधीची? तेवढं निळं. पण काळपट नाही, आतून उजेड असल्यासारखं. चांदण्या सोनेरी आहेत. आणि एका कडेला ओल आलीय, तिथे धुतलेल्या सदऱ्यासारखं विटलंय."

लाइन गेली असं आम्हाला वाटलं.

मग बाबांचा आवाज आला, "हां. आता दिसलं."