कडू झालेलं मेक्सिकोचं सूप

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर केळीची वाडी केली, सायकलला घड बांधून वसईच्या बाजारात नेले, आणि स्वयंपाकघरात गेलो तो फक्त जेवायला. बायको होती तोवर साधा चहा मी केला नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. लाज वाटते म्हणून सांगतो.

ती जाऊन सात महिने झाले होते तेव्हाची ही गोष्ट. शेवटी शेवटी तिच्या तोंडाची चव गेली होती. शेजारची वहिनी पेज करून आणायची, दोन चमचे घेऊन ही वाटी बाजूला सारायची. आणि मी काय म्हणायचो? "नखरे कशाला करतेस? खा गुपचूप." तुला काय खावंसं वाटतं, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती वाचली असती असं नाही, आजारच वाईट होता. पण विचारलं नाही ते नाहीच.

मग पाऊस सरता सरता सुनेला डेंग्यू झाला.

माझा मुलगा आणि सून प्रवासी जहाजावर भेटले. तो तिथल्या भटारखान्यात, ती खोल्या आवरायला. लग्नानंतर तिने जहाज सोडलं, तो अजून जातो. त्या वेळी तो समुद्रावर होता, परत यायला तीन महिने होते. तिची आई विरारला फुलपाड्यात राहते, पण दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, जिना उतरता येत नाही. म्हणजे घरात फक्त मी आणि सून. ती बोलकी, मी असा तुटक. एकमेकांशी काय बोलावं ते दोघांनाही कळत नसे.

सहा दिवस हॉस्पिटलात काढून ती घरी आली. ताप उतरला होता, रक्तही बरं होतं, पण पोटात काही राहीना. पेज ओकली, खिचडी ओकली. मी दवाखान्यात जाऊन विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "दोन दिवसांत खायला लागली नाही तर परत ॲडमिट करा. अंगात काही उरलेलं नाही तिच्या."

घरी येऊन बघतो तर भिंतीकडे तोंड करून पडलेली. असं पडलेलं माणूस मी आधी बघितलं होतं. जिभेवर आलेलं 'खा गुपचूप' गिळलं आणि खुर्ची ओढून बसलो.

"बाय, तुला काय खावंसं वाटतं? खरं सांग."

"तुम्हाला नाही जमायचं, पप्पा."

"तू बोल तर."

"जहाजावर माझ्या खोलीत एक मेक्सिकोची बाई होती. मला ताप आला की चिकनचं सूप करून आणायची. मक्याचं कणीस घालून. ते खावंसं वाटतं."

"हे मेक्सिको कुठे आलं?"

"अमेरिकेच्या खाली."

"मग आणायला जाता यायचं नाही. इथेच करू."

हसली नाही, पण तोंड माझ्याकडे वळवलं. कॅलेंडरच्या मागे मी तिने सांगितलेलं सामान लिहून घेतलं. कोंबडी, मका, गाजर, बटाटा, कोबी, टोमॅटो, कांदा, लसूण, कोथिंबीर, लिंबू. तिथे एक फळभाजी घालतात ती इथे मिळत नाही, त्याच्या जागी दुधी चालेल. बोलता बोलता तिचे डोळे मिटले. "आणि बटर फ्रूट," म्हणाली आणि झोपली. मी लिहिलं, बटर फ्रूट.

वसईचा अख्खा बाजार फिरलो तेव्हा एका फळवाल्याकडे ते मिळालं, तो त्याला ॲव्होकाडो म्हणत होता. दगडासारखं घट्ट. तो म्हणाला, "काका, चार दिवस ठेवा, पिकेल." मी म्हटलं, "चार दिवस कुणाकडे आहेत? आजच करायचंय."

राहिली कोंबडी. बायकोच्या पाच गावठी कोंबड्या परसात होत्या. चर्चमधली तिची वर्षाची मिस्सा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. तसं करा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं, माझं मीच. म्हणून ब्रॉयलर आणायला निघालो तर वहिनी कुंपणावरून ओरडली.

"ब्रॉयलरच्या सुपात काय असतं? नुसतं पाणी. घरात गावठी आहेत ना?"

"तिच्या आहेत त्या."

"ती असती तर एव्हाना कापून चुलीवर चढवली असती. सुनेपेक्षा कोंबडी जास्त झाली काय तुला?"

फार बोलते ही बाई. पण बरोबर बोलते. अंडी द्यायची थांबलेली एक म्हातारी कोंबडी मी धरली. हजार वेळा केलेलं काम, पण त्या दिवशी सुरी दोनदा खाली ठेवली. सुरी फिरवायच्या आधी बायकोला मनात म्हटलं, तुझ्या सुनेसाठी घेतोय गं. वहिनीने साफ करून तुकडे करून दिले, वर आणि सांगून गेली, "मंद आचेवर ठेव. म्हातारी आहे, तुझ्यासारखीच चिवट."

तास-दीड तास ती शिजत होती. पाण्यात कांदा, लसूण, मीठ आणि दारातल्या कुंडीतली पानओव्याची दोन पानं. घरभर वास सुटला. मग निम्म्या भाज्या चिरून टाकल्या, निम्म्या ठेवल्या, कारण किती घालायच्या ते माहीत नव्हतं. मग ते बटर फ्रूट.

आम्ही केळीवाली माणसं. हिरवं घट्ट केळं असेल तर ती भाजी, ते शिजवायचं. पिवळं मऊ झालं तर ते फळ, ते तसंच खायचं. हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. आता हेही हिरवं आणि घट्ट. सोललं, फोडी केल्या आणि बटाट्याबरोबर दिल्या टाकून.

अर्ध्या तासाने चव बघितली. कडूजहर. मीठ घातलं, लिंबू पिळलं, साखरसुद्धा घातली. आणखी घाण झालं. मी पळी ओट्यावर आपटली आणि तोंडाला येईल ते बोललो. बायकोची कोंबडी गेली ती गेली, आणि पोरीला द्यायला काही नाही.

आवाज ऐकून सून भिंतीला धरत धरत दारात आली. ओकायला धावायची तेवढी सोडली तर आठ दिवसांत आपणहून उठलेली मी बघितली नव्हती. तिने पळी घेतली आणि जिभेला लावली.

"ईऽऽ! पप्पा, काय घातलंत यात?"

"तू सांगितलंस तेच. बटर फ्रूट."

"शिजवलंत?"

"मग? दगड होता तो. कच्चं केळं शिजवतो तसं शिजवलं."

ती हसायलाच लागली. हसून हसून दम लागला, स्टूल ओढून तिला बसवावं लागलं. "अहो, ते पिकलेलं घ्यायचं, खाताना वरून घालायचं. शिजवलं की कडू होतं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"झोप लागली ना मला!"

"आता फेकतो सगळं."

"कोंबडी नका फेकू. बाहेर काढून धुवा. गावठी आहे, अजून कुठे शिजलीय ती?"

बरोबर होतं. म्हाताऱ्या कोंबडीत दुसऱ्या पाण्याइतका दम असतो. पहिलं पाणी केळीच्या बुंध्यात ओतलं. तुकडे गरम पाण्याने धुऊन पुन्हा चढवले. सून स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. टोमॅटो आणि कांदा तव्यावर भाजून वाटायला लावला. कणसाचे तीन तुकडे करायला लावले. "बटाट्याची एवढी मोठी फोड? गुरांना घालायचीय का?" मी मुकाट्याने लहान केली.

रस्सा उकळल्यावर मी म्हटलं, "मीठ बघ गं."

तिने चमचाभर घेतलं. "थोडं हवं."

मी चिमूटभर घातलं. "आता बघ."

पुन्हा चमचा. तेव्हा माझ्या लक्षात आलं. पोटात काही न राहणारी पोरगी दोन चमचे प्यायली होती आणि तिला काही होत नव्हतं. पाच मिनिटांनी म्हटलं, "आता लिंबू बघ." मग म्हटलं, "लसूण जास्त झाला का?" मग पुन्हा मीठ. मला चव कळत नाही असं सोंग मी केलं, आणि ते तिला खरं वाटलं, कारण तासापूर्वी मी केलेलं तिने चाखलं होतं. सूप व्हायच्या आत सात-आठ चमचे तिच्या पोटात गेले होते.

मग वाटीत थोडा मऊ भात, वर रस्सा, गाजर, कोंबडीचा बारीक केलेला तुकडा, कोथिंबीर. तिने घास घेतला आणि डोळे मिटले. मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो, कान न्हाणीघराकडे. आता धावेल, मग धावेल. नाही धावली. बराच वेळ उभा होतो. उभ्या उभ्याच देवाचे आभार मानले, त्या मेक्सिकोच्या बाईचेही मानले, वहिनीचे तर मानलेच. वहिनीला मात्र ते सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

आतून हाक आली. "पप्पा, मिरची द्या ना एक. त्या बाईच्या सुपात मिरची असायची."

"डॉक्टरांनी नको सांगितलीय."

"अर्धी."

"पाव पण नाही."

"तुम्ही ना, फार कडक आहात हां!"

"आहे. खा तशीच."

तिने नाक मुरडलं. बायको गेल्यापासून या घरात माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं, सगळे जपून बोलत. मला फार बरं वाटलं. मिरची मी दिली नाही. वाटी पुढे आली ती रिकामी होती.

"अजून आहे का?" तिने विचारलं.

"पातेलंभर आहे," मी म्हणालो.