वसुधाताई आणि जिवंत पेशी

वसुधाताई गेल्याचा त्यांच्या भाच्याचा फोन आला, तेव्हा मी दाल बाजारात तूरडाळीच्या भावावरून घासाघीस करत होते. "मावशी सकाळी गेली, अगदी शांतपणे," तो म्हणाला. माझी पिशवी तशीच दुकानात राहिली... महिना होऊन गेला. रडू अजून मधूनच येतं, आणि मी ते येऊ देते.

ताई आमच्या ग्वाल्हेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे सहायक. जिवंत पेशीत एक रंग सोडायचा, तो आतल्या डीएनएला जाऊन चिकटतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळा उजळतो, हे त्यांचं वेड. "थोडाच घाल गं," त्या सतत बजावायच्या, "आपल्याला पेशी बघायचीय, मारायची नाहीये."

मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं त्या सुमारास कॉलेजातही फेररचनेचं वारं शिरलं. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र एकत्र होणार, आमचा सूक्ष्मदर्शक दुसऱ्या गावी जाणार, असं कानावर आलं. तो वाचवायचा तर पाहणीला येणाऱ्या समितीला एका पेशीच्या दोन होताना दाखवायचं, एवढी एकच संधी होती. मी अतिशहाणी! चित्र झगमगीत दिसावं म्हणून ताईंना न सांगता दुप्पट रंग घातला. समितीचे प्रमुख बेहद्द खूश. "मॅडम, क्या चमक है! बस, हो गया." ताई मात्र बराच वेळ बघत राहिल्या. पेशी जागच्या जागी थिजल्या होत्या. "किती घातलास?" त्यांनी हळूच विचारलं. "नेहमीइतकाच," मी धडधडीत खोटं बोलले.

"सर, ये चमक तो रही हैं, पर एक की दो नहीं होंगी. कल फिर आइए," ताई म्हणाल्या. प्रमुख चिडून निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिन्यात ताईंना गाठून सगळं भडाभडा सांगून टाकलं. "कळलं होतं गं मला," त्या म्हणाल्या, "तू स्वतः येऊन सांगतेस का, तेवढंच बघायचं होतं."

दुसऱ्या दिवशी समितीतल्या फक्त एक बाई परत आल्या. फिकट निळ्या उजेडात एका पेशीतला डीएनए हळूहळू दोन बाजूंना सरकला... बाईंचा चहा गार झाला. सूक्ष्मदर्शक ग्वाल्हेरातच राहिला, आणि दोन्ही विभाग त्याच खोलीत एकत्र आले.

आज ती खोली माझ्याकडे आहे. परवा, परीक्षक दारात आलेले असताना, एक मुलगी घाबरीघुबरी होऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी अजून काहीच पाहिलं नव्हतं. "मॅडम, मुझसे रंग ज़्यादा... म्हणजे, जास्त पडला. ह्या पेशी जगणार नाहीत." रागवायला हवं होतं खरं तर. मी उठून तिला मिठीच मारली. बिचारी पार गोंधळून गेली; अशा चुकीवर कोणी मिठी मारतं का!