चौदा नंबरची गाडी

माझा डावा कान युद्धात गेला, हे बहरीनमध्ये, तुबलीतल्या आमच्या गॅरेजमध्ये कुणालाच खरं वाटत नाही. हाक मारली तरी वळत नाही, म्हणजे म्हातारा माजलाय, असं म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्याकडे तरी कुठे कागद आहे?

इथल्या कंपनीने आम्हाला इराकमध्ये ट्रक चालवायला नेलं, तेव्हा माझ्या व्हिसावर हुद्दा होता स्टोअरकीपर. ताफ्याच्या पुढे ऑस्ट्रेलियन लष्कराच्या वाहतूक दलातला एक सैनिक असायचा, उन्हाने लालबुंद झालेला आणि तोंडाने फटकळ. ताफ्याची रोजची यादीही तोच लिहायचा. त्याच्या मागे माझा ट्रक, दारावर चौदा नंबर रंगवलेला.

नियम एकच होता, कुणासाठीही थांबायचं नाही. एका सकाळी रस्त्याकडेला स्फोट झाला, त्याचा ट्रक खड्ड्यात कलंडला आणि मी थांबलो. शौर्य वगैरे काही नाही, पाय आपसूक ब्रेकवर गेला. त्याला कॉलर धरून बाहेर ओढत होतो, तेवढ्यात दुसरा स्फोट झाला. माझा कान तेव्हाच गेला. शुद्धीवर येताच त्याने मला शिवी हासडली, ‘थांबलास का?’ मग दुसऱ्या गाडीत चढून ताफा पुढे नेला आणि कुणालाही लागलं नाही, असं लिहून दिलं.

गेल्या वर्षी त्याने मला शोधून मेल पाठवला. त्याची पाठ पार कामातून गेली होती, भरपाईचा अर्ज केला होता, पण ती त्या स्फोटात गेली हे त्याचं सरकार मानत नव्हतं. साक्षीदार मी एकटाच.

दोन शुक्रवार मी साक्ष मराठीत सांगत होतो आणि लेक इंग्रजीत टाइप करत होती. त्याच्या पाठीचं मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण खरी हाव माझी मला होती. एका तरी सरकारने लिहावं, की हा माणूस तिथे होता.

सरकारचं उत्तर त्याने मला पुढे पाठवलं. लेकीने ते दोनदा वाचलं.

“काय म्हन्ते?”

“बाबा, दे आर सेइंग यू वेअर नॉट देअर.”

“मी नव्हतो? मंग त्याले कोनं काहाडलं?”

सोबत त्या दिवसाची यादी जोडली होती. सैनिकांची नावं होती, पुढे त्यांचे लष्करी क्रमांक. आमचे नुसते गाडीचे नंबर. ड्रायव्हरच्या नावाचा पत्ताच नाही, म्हणून साक्ष बाद, त्याचा अर्जही बाद. मेलच्या खाली त्याने स्वतः एकच ओळ लिहिली होती, सॉरी. अक्षर त्याचंच होतं ना यादीतलं!

मला त्याची कीव आली नाही. मी यादीतली ती निळी शाई बघत बसलो. त्या सकाळी त्याचं पेन चालेना, म्हणून मी खिशातलं माझं दिलं होतं. चौदा, एवढं लिहून त्याने ते परत केलं आणि थँक्यू म्हणाला.