बाबांना सोडलं नाही

सरकार टिकणार की पडणार, या गोंधळात आमच्या पक्षाने आपले सगळे आमदार राजधानीबाहेर, आनेकलच्या पुढच्या एका रिसॉर्टमध्ये नेऊन ठेवले. त्यांत माझे बाबा होते. सीमाभागातून निवडून आलेले, घरात मराठी, सभेत कन्नड. सगळ्यांचे फोन काढून घेतले होते. टीव्हीवर बाबा पोहण्याच्या तलावाकाठी बर्म्युडा घालून इडली खाताना दिसले, आणि कोरमंगलाच्या आमच्या ऑफिसातल्या एकाने तो व्हिडिओ मलाच पाठवला. मी हसणारी इमोजी टाकली. दुसरं काय करणार होते?

त्याच आठवड्यात आज्जाला, म्हणजे बाबांच्या वडिलांना, आईने गावाहून आणून सर्जापूर रोडवरच्या हॉस्पिटलात भरती केलं. माझा फ्लॅट तिथून जवळच. फुप्फुसं पार निकामी झाली होती. कोणाला भेटायचं असेल तर आजच बोलावून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. आज्जा शुद्धीवर होता आणि सारखं एकच विचारत होता, "त्यो कुठं हाय? येतोय न्हवं?"

मी गाडी काढली आणि रिसॉर्टवर गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. भांडणात मी कुणाला ऐकत नाही. गेटवरच्या माणसांनी "स्वल्प थांबा मॅडम" म्हणत बराच वेळ उन्हात उभं केलं, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. पण आत गेल्यावर भांडायला कुणी मिळालंच नाही. मोठे साहेब, ज्यांना मुख्यमंत्री करण्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ते स्वतः बाबांना घेऊन लॉबीत आले. मला बसवलं, ताक मागवलं. कन्नडमध्ये अगदी घरच्यासारखे बोलले. "नोडम्मा, हे बघ पोरी, मरणाऱ्या बापाकडे जाणाऱ्या मुलाला मी अडवणार नाही. माझी गाडी घेऊन जा. संध्याकाळी आणून सोड."

बाबांनी साहेबांकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

"नको साहेब," ते म्हणाले. "उद्या मतदान झालं की जातो. आज मी गेलो तर बाकीच्यांनाही पाय फुटतील." मग माझ्याकडे वळून मराठीत, हलक्या आवाजात, "आज्जाला खोली चांगली दिलीय न्हवं त्यांनी?"

परत येताना गाडीत मी रडले नाही. मला बाबांची इतकी लाज वाटत होती की रडूसुद्धा येईना. हॉस्पिटलात आई दारातच उभी होती, मागे गावाकडचे नातेवाईक. तिने नुसत्या नजरेने विचारलं. मी म्हणाले, "सोडलं नाही त्यांनी बाबांना."

आधी ठरवून वगैरे बोलले नव्हते; तोंडातून गेलं. आत्याने तिथल्या तिथे साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आज्जाने ते ऐकलं. "बांधून घातलंय पोराला," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा सैल पडला. त्यानंतर त्याने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी, मतदान सुरू व्हायच्या आधी तो गेला.

साहेब मुख्यमंत्री झाले, बाबा मंत्री. तेराव्याला आई बाबांना म्हणाली, "त्यांनी सोडलंच नाही, त्यात तुमचा काय दोष?" मी समोर होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "होय की." एवढंच. तेव्हापासून आम्ही दोघं एका खोलीत फार वेळ बसत नाही.

पुढे पक्षातल्याच लोकांनी साहेबांना उतरवायचं ठरवलं, आणि बाबा त्यांना जाऊन मिळाले. एका सभेत, कॅमेऱ्यांसमोर, ते रडले. "माझा बाप शेवटच्या घटका मोजत होता. हात जोडले मी. या माणसानं मला सोडलं नाही." डोळ्यांतलं पाणी खरं होतं. मला तेच सहन होईना. आता त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. ऑफिसात लोक माझ्या टेबलापाशी येऊन सांत्वन करून गेले. राजकारणी किती निर्दयी असतात, म्हणाले. मी थँक्यू म्हणत राहिले.

साहेबांची खुर्ची गेली. ती एवढ्यानेच गेली असं नाही, पण त्या भाषणानंतर त्यांच्या बाजूने बोलायला कुणी उभं राहिना.

न राहवून मी त्यांच्या घरी गेले. एरवी पाय ठेवायला जागा नसायची त्या व्हरांड्यात ते एकटे पेपर वाचत बसले होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं की ते वाक्य बाबांचं नव्हे, माझं आहे. त्या दिवशी हॉस्पिटलात मीच खोटं बोलले.

त्यांनी पेपर खाली ठेवला. मी विचारलं, "सर, बाबा त्या दिवशी माझ्याबरोबर आले असते, तर त्यांना मंत्री केलं असतंत?"

"नाही," ते म्हणाले, सहज. "त्यालाही ते माहीत होतं."

शिव्या देतील, निदान जा तरी म्हणतील, असं मला वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे ते तुझं," ते म्हणाले. "मी विचार करत होतो, हे कुणाच्या डोक्यातून निघालं. छोटं वाक्य. मेलेल्या माणसाच्या नावावर, म्हणजे खोटं ठरवायला कुणी येत नाही. तुझ्या बापाला हे जन्मात सुचलं नसतं." त्यांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. पुढच्या निवडणुकीला उभी राहतेस का?"

मी मान खाली घातली. मला हसू आलं होतं, आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.