माहेरची केस

पहिल्यांदा संस्थेत आली तेव्हा तिला बोलताच येत नव्हतं. नवऱ्याने जबडा मोडला होता आणि डॉक्टरांनी दात तारेनं बांधून टाकले होते. धाकटा भाऊ तिला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "शिवणाचा वर्ग इथेच ना? हिला बसवून घ्या. घरी नुसती भिंतीकडे बघत बसते."

शिवण हे निमित्त होतं. घरचे बायकांना शिवणासाठी सोडत, दुसऱ्या कशासाठी सोडलं नसतं. मशिनींच्या खडखडाटात त्या एकमेकींना काय सांगतात ते बाहेर ऐकू जात नसे. संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाई स्वतःच शिकवत, आणि त्यांना शिवण यथातथाच येई. एकदा त्यांनी शर्टाची बाही गळ्याला जोडली. सगळ्या खो खो हसल्या. हिला हसू आवरेना म्हणून हिने जबडा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

तिथे तिला मुकी म्हणू लागले. तार निघाली तरी नाव राहिलं, कारण तार निघूनही ती बोलेना. बोलली ती एका नव्या मुलीशी. मुलीचा डोळा काळानिळा झाला होता आणि ती तो चोळत होती. मुकी म्हणाली, "चोळू नकोस. ओलं फडकं ठेव. आणि जिन्यावरून पडले असं डॉक्टरला सांगू नकोस, मी तेच सांगत आले."

मोठ्या बाईंनी ते ऐकलं. आधी त्यांनी तिला वर्ग झाडायला ठेवलं, मग नव्या बायकांशेजारी बसायला, मग सरकारी दवाखान्यात आपल्याबरोबर नेऊ लागल्या. रीतसर शिकवून घेतलं. काही वर्षांनी पीडित बायकांच्या निवाऱ्याच्या किल्ल्या मुकीच्या कमरेला आल्या. जाळीच्या खिडक्यांच्या तीन खोल्या, लोखंडी खाटा, मागे कपडे वाळत घालायची गच्ची. पत्ता कुणाला सांगायचा नाही हा पहिला नियम. ती तिथेच राहू लागली. आई अभिमानाने शेजारणींना सांगे, "माझी लेक ऑफिसात आहे."

एका दुपारी संस्थेच्या ऑफिसचं दार वाजलं. बाहेर तिची भावजय उभी होती. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सासूची. मनगट सुजून टम्म झालेलं.

"ताई, घरी सांगू नका," ती म्हणाली.

घरी गेल्यावर भावजय लांब बाह्यांचे कपडे घालून वावरताना मुकीने पाहिलं होतं. "उकडत नाही का गं?" एवढंच ती विचारायची. इतर बायकांना तिने कधी एवढ्यावर सोडलं नव्हतं.

नात्यातली केस स्वतः हाताळायची नाही असाही नियम होता. मोठ्या बाईंनी ती स्वतःकडे घेतली. पण भाऊ संस्थेच्या ऑफिसात आला तो बहिणीलाच भेटायला.

"कुठे आहे ती?"

"इथे कोण येतं, कोण राहतं, आम्ही कुणालाच सांगत नाही."

"मी कुणी परका आहे का? तुझं तोंड बांधलेलं होतं तेव्हा चमच्याने दूध कोण पाजत होतं?"

"तूच."

"तुझ्या नवऱ्याची कॉलर कोणी धरली होती?"

"तूच रे. मग तू तिच्यावर हात कसा उगारलास?"

तो ओरडला नाही. पायरीवर बसून हमसून हमसून रडला. त्याच्या केसांतून हात फिरवावा असं तिला फार वाटलं. ती आत गेली आणि कडी लावून घेतली.

पुढे आई आली. सुनेला निरोपावर निरोप धाडले, मुलाने शपथ घेतल्याचं सांगितलं. भावजय परत निघाली. पुष्कळ जणी परत जातात, त्यांना अडवता येत नाही, हे मुकी नव्या कार्यकर्त्यांना शिकवत असे. ती गेटपर्यंत सोडायला गेली आणि एवढंच म्हणाली, "दार बंद नाही गं."

भावजय पुन्हा आली ती दवाखान्यात, स्ट्रेचरवर. उजवा डोळा गेला होता.

कोर्टात मुकीने साक्ष दिली. वकिलाने विचारलं, आरोपी तुमचा कोण? "सख्खा भाऊ," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं न अडखळता सांगितलं. भाऊ तुरुंगात गेला. भावजय दुसऱ्या गावी बहिणीकडे गेली. आईने मात्र लेकीला दाराबाहेरूनच ऐकवलं, "तू आम्हाला मेलीस."

मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि मुकी संस्थेची प्रमुख झाली. हार घालायला घरचं कुणी नव्हतं.

मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. बघायला दुसरं कोण होतं? मुकी रोज ऑफिसला जाण्याआधी दवाखान्यात जाई, आईचं अंग पुसे, मऊ भात भरवी. आई डोळे मिटून खाई. असेच आठवडे गेले.

एका सकाळी तिने घास तोंडातच धरला आणि जड जिभेने म्हणाली, "तो सुटून आला की तू येऊ नकोस."

"नाही येणार," मुकी म्हणाली. आईच्या हनुवटीवर ओघळलेला भात तिने पुसला आणि पुढचा घास कालवला.